दोन इंच लूज

डॉक्टरबाईंचे अकरा पांढरे कोट मास्तरांनी इस्त्री करून दुकानाबाहेरच्या दोरीवर ओळीनं लावले आणि ते चहा प्यायला आत गेले. चहाला फार तर पाच मिनिटं लागली असतील. बाहेर आले तेव्हा नऊ कोटांवर जांभळे डाग होते आणि दहाव्याच्या खिशात एक अख्खी पिकलेली तुती होती. अकरावा डागांपासून वाचला होता, कारण तो वाऱ्यानं आधीच खाली मातीत पडला होता. वर झाडावर पाखरं बसली होती आणि केल्या कामाचा त्यांना काही पश्चात्ताप झालेला दिसत नव्हता.

"बस झालं," मास्तर म्हणाले. "हे झाड आता जाणार."

मास्तर म्हणजे शिवणकामातले मास्तर. त्यांच्या दुकानावरच्या पाटीवर 'अचूक मापाचे एकमेव ठिकाण' असं लिहिलेलं होतं, आणि ते ज्यांनी लिहून घेतलं त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. दुकान पुढे, घर मागे आणि दारात हे तुतीचं झाड. छत्तीस वर्षांपूर्वी दुकान उघडलं, त्याच आठवड्यात मास्तरांच्या बायकोनं माहेरून एक काडी आणून तिथं खोचली होती. मास्तरांनी तेव्हा विचारलं होतं, ही काडी कशासाठी. आता त्याच काडीच्या सावलीत खुर्ची टाकून ती दिवसभर काजं करायची, बटणं लावायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. आत पत्र्याखाली दुपारी भट्टी पेटायची. एकदा ऐन उन्हाळ्यात दारातला रस्ता खणला म्हणून चार दिवस आत बसावं लागलं तर तिचं डोकं असं धरलं की आठवडाभर उतरलं नाही. झाड गेलं की तिला बारा महिने आतच बसावं लागणार होतं. हे मास्तरांच्या डोक्यात आलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात त्या वेळी फक्त कोट होते.

बायको भांडली नाही. तिनं तोंडातली सुई काढून सुयांच्या उशीत खोचली आणि एवढंच म्हणाली, "तोडायचं तर कायद्यानं तोडा. उद्या कुणी तक्रार केली तर पालिकेची माणसं यायची दारात."

कायदा होता. उपनगरातल्या झाडांसाठी तो वर्षभरापूर्वी लागू झाला होता आणि घरोघरी त्याची छापील पत्रकं वाटली गेली होती. मास्तरांनी आपलं पत्रक कॉलरचा नमुना कापायला वापरलं होतं. बायकोनं शेजारणीकडून तिचं मागून आणलं आणि दोन्ही बाजूंनी वाचलं.

वृक्ष विभाग पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या मागच्या खोलीत होता. खोलीत टेबलं, कपाटं, फायली सगळं होतं, साधी कुंडी मात्र नव्हती. खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी मास्तरांना झाड केवढं आहे असं विचारलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी कवळ घालून दाखवली. बाई म्हणाल्या, असं नाही, आकड्यात सांगा, आणि मग त्यांनी नियम समजावून दिला. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीला, झाडाचा घेर चाळीस इंचांपेक्षा कमी असेल तर मालकानं अर्ज द्यायचा, पंधरा दिवस थांबायचं आणि झाड तोडायचं. चाळीस किंवा त्याच्या वर असेल तर ते झाड संरक्षित. मग त्याला नंबर मिळतो, त्याची नोंद वहीत होते आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, मालकानंसुद्धा नाही. दोन्हींसाठी अर्ज एकच होता, कागद कमी लागावा म्हणून.

"छातीचा घेर," मास्तर खूश होऊन म्हणाले. "आमचं रोजचंच काम आहे."

घरी येऊन त्यांनी दुकानातूनच झाडावर एक नजर टाकली आणि बायकोला सांगितलं, अडतीसच्या पुढे जात नाही, लिहून टाक. बायको अर्ज मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, सरकारी कागद आहे, नजरेनं कसं लिहायचं. दुसऱ्या कुणाचं एक वेळ चालेल, पण तुमच्या हातचं माप अंदाजानं लिहिलेलं बरं दिसत नाही. हे मास्तरांना पटलं. स्वतःबद्दलचं चांगलं त्यांना लगेच पटायचं.

ते गळ्यातली टेप काढून झाडाशी गेले. छत्तीस वर्षं हे असंच चालत आलं होतं: मास्तर माप घ्यायचे आणि मोठ्यानं सांगायचे, बायको वहीत लिहायची. मास्तरांनी टेप खोडाभोवती फिरवली, सवयीनं म्हणाले, "श्वास सोडा," आणि मग आकडा सांगितला. बायकोनं तो लिहिला. तोडण्याचे कारण या रकान्यात काय लिहू म्हणून तिनं विचारलं, तर मास्तर म्हणाले, "कोट." तिनं तेही लिहिलं. मास्तरांनी खाली सही केली. मापाच्या वहीत ते रोज सही करायचे, आणि ती कधीच वाचून करायचे नाहीत.

पुढचे पंधरा दिवस मास्तर फार उत्साहात होते. डॉक्टरबाईंना त्यांनी अकरा कोट नवे शिवून दिले आणि वर सांगितलं की यापुढे असं होणार नाही, कारण मुळावरच घाव घातलाय. सोळाव्या दिवशी लाकूडतोड्याला बोलावलं. पण लाकूडतोड्याच्या आधी सायकलवरून झाडांचे निरीक्षक आले. त्यांच्याकडे एक पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर ४१७ असा आकडा होता, आणि तारेचं एक वेटोळं होतं.

"अभिनंदन," निरीक्षक म्हणाले. "तुमचं झाड संरक्षित झालं."

मास्तरांना वाटलं, हा गृहस्थ पत्ता चुकला. त्यांनी समजावून सांगितलं की हे झाड तोडायचं आहे, अर्ज तोडण्याचाच होता. निरीक्षकांनी पिशवीतून अर्ज काढला. घेर या रकान्यात बायकोच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: साडेचाळीस इंच. खाली मास्तरांची सही होती, शेवटच्या फराट्यासकट.

मास्तर म्हणाले, आत्ताच्या आत्ता मोजून बघा. निरीक्षक म्हणाले की आजची भेट बिल्ल्याची आहे. मोजणीची भेट वेगळी असते, ती दोन वर्षांच्या आत कधीतरी होते, आणि त्यासाठीची पोलादी टेप वेगळ्या कपाटात असते. मग त्यांनी दुकानावरच्या पाटीकडे बोट केलं. "आणि तसं म्हटलं तर इथं मोजायला आम्ही कोण?"

बिल्ला तारेनं बांधताना त्यांनी बाकीचे नियम सांगितले. झाडाला खिळा चालणार नाही, म्हणजे कपड्यांची दोरी सुटली. दुकानाच्या पाटीचा लोखंडी आकडा झाडात अडकवलाय तो निघाला पाहिजे, म्हणजे पाटी उतरली. खोडाभोवती तीन फूट जमीन मोकळी हवी, म्हणजे दुकानाची पायरी आणि पुढची फरशी महिन्याभरात फुटली पाहिजे. लाकूडतोड्या कुऱ्हाड खांद्यावर टाकून हे सगळं ऐकत होता. शेवटी त्यानं मास्तरांना विचारलं, पायरी फोडायची असेल तर ते काम मी करतो.

निरीक्षक गेल्यावर मास्तरांनी टेप काढून झाड मोजलं. साडेअडतीस. पुन्हा मोजलं. साडेअडतीसच. मग ते फुटायच्या पायरीवर बसले आणि काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं.

मास्तर अंगाचं माप कधी कुणाला सांगतच नसत. अंगाचं माप त्यांच्या मनात राहायचं आणि तोंडातून यायचं ते तयार कपड्याचं, छातीला दोन इंच लूज धरून. गिऱ्हाईक अडतीसचं असलं की ते बायकोला चाळीस सांगायचे. माणसाला जेवता आलं पाहिजे, वाकता आलं पाहिजे, हसता आलं पाहिजे, हे त्यांचं तत्त्व होतं. ही बेरीज त्यांना करावी लागत नसे, ती जिभेवर आपोआप व्हायची. त्या दिवशी त्यांनी तुतीच्या झाडाला हसण्यापुरतं लूज धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जिन्यामागच्या खोलीत गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झाडाला लूज कशाला?" त्यांनी विचारलं.

"कशाला नाही. सवय आहे."

बाई म्हणाल्या की काही हरकत नाही, दुरुस्तीची सोय आहे. अर्जदारानं लिहून द्यायचं की मी दिलेलं माप चुकीचं होतं. त्याखाली नाव, धंदा आणि दुकानाचा पत्ता टाकायचा. हा कागद तीस दिवस त्याच झाडावर लोकांना दिसेल असा बांधून ठेवायचा. कुणाची हरकत आली नाही की नोंद रद्द, मग तोडा झाड. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि पेनाचं टोपणही काढून दिलं.

मास्तरांनी पेन हातात घेतलं. 'मी दिलेले माप' इथपर्यंत लिहिलं. मग त्यांच्या डोळ्यांसमोर तो कागद झाडावर लटकताना दिसू लागला, आणि त्याच्यापुढे उभे राहून तो वाचणारे फिटिंगवाले दिसू लागले.

फिटिंगवाले म्हणजे समोरच्या बाजूचे शिंपी. त्यांचा हात फार आखूड होता. ते टेप अशी आवळायचे की गिऱ्हाइकाचा आवाज बदलायचा, आणि त्यांचा शर्ट घातला की माणसाला बसण्यापूर्वी विचार करावा लागायचा. पण तरुण मंडळींना ते आवडायचं, आणि फिटिंगवाले सगळ्यांना सांगत फिरायचे की मास्तर शर्ट शिवत नाहीत, तंबू शिवतात. त्यांना जर मास्तरांच्या सहीनं, मास्तरांच्याच दारात, 'माझं माप चुकलं' असं वाचायला मिळालं असतं तर त्यांनी दुकान बंद ठेवून खुर्ची टाकली असती.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "माप चुकलेलं नाही," ते म्हणाले. "लूज आहे."

"मग झाड राहिलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टोपण लावलं.

गोष्ट इथं मिटली असती. मास्तरांनी पायरी फोडली, पाटी भिंतीवर लावली, दोरी मागच्या अंगणात नेली आणि झाडाकडे न बघता कामाला लागले. पण लाकूडतोड्या बोलका होता. पंधरा दिवसांत त्याची हकीगत समोर पोहोचली. एका सकाळी दूध आणायच्या निमित्तानं फिटिंगवाले झाडापाशी थांबले, इकडेतिकडे बघून त्यांनी खिशातली टेप काढली आणि आपल्या पद्धतीनं माप घेतलं. त्यांच्या हाताला ते अडतीस भरलं. दुपारी त्यांचा लेखी आक्षेप वृक्ष विभागात दाखल झाला: झाड क्रमांक ४१७ चे माप खोटे असून माप देणारी व्यक्ती व्यवसायाने शिंपी आहे, याची नोंद घ्यावी.

आक्षेपाची प्रत घरी आली तेव्हा बायको भाजी निवडत होती. तिनं ती वाचली आणि म्हणाली, "मग बरंच झालं की. ते जिंकले तर झाड चाळीसच्या आत येतं. तुम्हाला तोडायचंच होतं."

मास्तरांनी तो कागद तिच्या हातून घेऊन स्वतः वाचला. हे खरं होतं. ज्या झाडापायी अकरा कोट पुन्हा शिवले, पायरी गेली, पाटी उतरली, ते झाड समोरचा माणूस फुकटात तोडून देत होता. फक्त त्यासाठी छत्तीस वर्षांचं नाव धुळीला मिळणार होतं. जागेवर मोजणी होणार, दोन्ही पक्षांसमोर होणार, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख पडली होती.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. त्यांनी खोटं बोलायचा विचार करून पाहिला, पण पोलादी टेपपुढे काय खोटं बोलणार. माफी मागायचा विचार केला, तो त्यांच्या गळ्याखाली उतरेना. संध्याकाळी ते शाळेच्या गणवेशाची बाही उलटून शिवत होते. वाढत्या अंगाची पोरं असतात, म्हणून बाहीत दोन इंच कापड आत दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी सोडता येतं. सुई टोचता टोचता ते थांबले. त्यांनी दारातून झाडाकडे पाहिलं.

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "झाड वाढतं ना गं?"

"मग इतकी वर्षं काय करत होतं ते?" आतून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या दारात जे सुरू झालं ते बघायला माणसं मुद्दाम त्या रस्त्यानं यायला लागली. सकाळी मशीनला तेल घालायच्या आधी मास्तर झाडाला चार बादल्या पाणी घालायचे. रोपवाटिकेतल्या माळ्याला विचारून त्यांनी शेणखत आणलं, पाला कुजवला, सुतळीनं मोजून बरोबर तीन फुटांचं आळं केलं आणि त्याची कड अशी सरळ राखली की जणू दाब देऊन शिवली होती. माळ्यानं सांगितलं की इतकी वर्षं फरशीखाली मुळं गुदमरलेली होती, आता मोकळी झालीत तर झाड अंग धरेल. फरशी फोडायला लावणाऱ्या निरीक्षकांबद्दल मास्तरांना त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

दर रविवारी सकाळी मोजणी असायची. पहिले दोन महिने टेप साडेअडतीसवरून हलली नाही. मास्तर झाडाशी बोलायला लागले होते. आधी रागानं बोलायचे, मग खाल्लेलं अंगी लागत नसलेल्या गिऱ्हाइकाची विचारपूस करावी तसे. तिसऱ्या महिन्यात एक सूत वाढलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मास्तरांनी त्या दिवशी डॉक्टरबाईंना दुकानात बोलावून ते दाखवलं आणि त्यांचं मत विचारलं. त्या म्हणाल्या, मी मुलांची डॉक्टर आहे, पण वाढ समाधानकारक आहे.

मोजणीची तारीख आली आणि पुढे गेली, निरीक्षक रजेवर होते. पुढची तारीख आली, तेव्हा पोलादी टेप तपासणीला गेली होती. त्याच्या पुढच्या तारखेला टेप आली होती पण कपाटाची किल्ली सापडली नाही. फिटिंगवाले दर वेळी कोट चढवून रस्ता ओलांडून यायचे आणि दर वेळी परत जायचे. शेवटी त्यांनी वृक्ष विभागाच्या ढिलाईबद्दल दुसरा अर्ज केला. तो पहिल्या अर्जाला जोडण्यात आला आणि त्यामुळे फाईल जाड होऊन वरच्या साहेबांकडे गेली. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरकारी खात्याचं मनापासून कौतुक केलं.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी मास्तर बादली घेऊन बाहेर आले तर झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा पडलेला. वर चार-दोन पानं उरली होती, तीही त्यांच्या देखत गळली. मास्तरांच्या हातातली बादली तिथंच राहिली. ते धावत आत गेले आणि बायकोला म्हणाले की झाड मेलं, मी खत जास्त घातलं, मी मारलं त्याला. त्या घटकेला त्यांच्या मनात फिटिंगवाले नव्हते, माप नव्हतं आणि नावही नव्हतं. झाड गेलं याचंच त्यांना वाईट वाटत होतं, आणि आपल्याला असं वाईट वाटतंय याचं आश्चर्यही वाटत होतं.

बायकोनं हातातलं काम ठेवलं आणि ती त्यांच्याबरोबर बाहेर आली. "दर वर्षी गळतात," ती म्हणाली. "दर वर्षी येतात. छत्तीस वर्षांत तुम्ही एकदाही मान वर केली नाहीत."

मास्तरांनी मान वर केली. मग आपली खुर्चीही त्यांनी बाहेर आणली. त्या थंडीत नवरा-बायको दोघं उन्हात त्या उघड्या फांद्यांखाली बसून काम करायला लागले, आणि आतल्यापेक्षा इथं सुईत दोरा लवकर ओवला जातो असा शोध मास्तरांना लागला. तो शोध त्यांनी बायकोला सांगितला. ती हो का म्हणाली.

मोजणी झाली ती आक्षेप दाखल झाल्यापासून एक वर्ष आणि दहा महिन्यांनी, तुती पुन्हा पिकली होती तेव्हा. निरीक्षक सायकलवरून आले आणि त्यांच्या खांद्यावर पोलादी टेपची चामडी पेटी होती. जिन्यामागच्या खोलीतल्या बाईही खास आल्या होत्या, कारण इतकी जाड झालेली फाईल त्यांच्या नोकरीत दुसरी नव्हती आणि हे झाड त्यांना एकदा बघायचं होतं. डॉक्टरबाई दवाखाना दहा मिनिटं थांबवून आल्या. मास्तरांची निम्मी गिऱ्हाइकं आली होती, सगळी ऐसपैस कपड्यांत. समोरून फिटिंगवाले आले. त्यांच्या मागे त्यांची तरुण गिऱ्हाइकं आली आणि सगळी उभी राहिली, कारण त्यांना बसता येत नव्हतं.

मास्तरांनी आदल्या रविवारी मोजलं नव्हतं. त्याआधी आठ महिने कुठल्याच रविवारी नव्हतं. धीर होत नव्हता. शेवटचा आकडा त्यांना माहीत होता तो चाळीसला दोन सूत कमी असा होता, आणि त्यावर आठ महिने उलटले होते. ते बायकोच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले.

निरीक्षकांनी जमिनीपासून साडेचार फुटांवर खडूनं खूण केली, पेटी उघडली आणि पोलादी टेप खोडाभोवती फिरवली. मग चष्मा पुसला. मग वाकून वाचलं.

"साडेचाळीस," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा वाकले. "साडेचाळीस आणि वर एक सूत."

रस्त्यावर कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मास्तरांनी डोळे उघडले. ते पुढे आले, त्यांनी खोडावर हात ठेवला आणि निरीक्षकांना गंभीरपणे सांगितलं, "एक सूत सोडून द्या, साहेब. धुतल्यावर आटेल."

फिटिंगवाले म्हणाले की टेप सैल धरली आहे. निरीक्षक सज्जन होते. त्यांनी फिटिंगवाल्यांना स्वतःच्या टेपनं मोजायची परवानगी दिली. फिटिंगवाल्यांनी बाह्या सारल्या, टेप खोडाला घातली, एक पाय झाडाला लावला आणि उभ्या आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाला आवळलं नसेल एवढं आवळलं. गिऱ्हाईक असतं तर त्यानं पोट आत घेतलं असतं. झाडानं काही घेतलं नाही.

"किती?" बाईंनी फाईल उघडून विचारलं.

फिटिंगवाल्यांनी टेप दोनदा वाचली. माणूस आखूड होता पण आकड्याच्या बाबतीत खोटं बोलणारा नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. "चाळीस," ते हळूच म्हणाले.

"चाळीस किंवा त्याच्या वर," बाईंनी नियम वाचून दाखवला, आक्षेपावर 'फेटाळला' असा शिक्का उमटवला आणि झाड क्रमांक ४१७ कायमचं संरक्षित झाल्याचं तिथंच, मास्तरांच्या इस्त्रीच्या टेबलावर लिहून दिलं. फिटिंगवाल्यांनी मास्तरांशी हात मिळवला. जाताना त्यांनी विचारलं की बाहेर बसून काम करण्याइतकी सावली यायला एखाद्या झाडाला किती वर्षं लागतात. बायकोनं एक हिरवी काडी तोडून द्यायला हात वर केला, तेवढ्यात निरीक्षकांनी घसा खाकरला. संरक्षित झाडाच्या काडीलाही अर्ज लागत होता. बाईंनी पिशवीतून फॉर्म काढून फिटिंगवाल्यांच्या हातात दिला.

सगळे पांगल्यावर दोघं नेहमीसारखी झाडाखाली बसली. मास्तरांच्या अंगात विजय मावत नव्हता. माप घ्यावं तर असं, ते पुन्हा पुन्हा सांगत होते. दोन वर्षं आधी घेतलं आणि झाड त्यात बरोबर येऊन बसलं. बायको मान खाली घालून काज करत होती आणि मधून मधून हं म्हणत होती. त्या हं मध्ये काहीतरी होतं. मास्तरांचं बोलणं हळूहळू मंदावलं.

"त्या दिवशी मी साडेचाळीस म्हटलं," ते म्हणाले, "तेव्हा तुला कळलं होतं, की मी लूज धरलंय?"

"इतकी वर्षं मापं कोण लिहितंय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. मधे बोललेलं तुम्हाला चालत नाही." तिनं दोरा ओढून घेतला. "आणि मी आदल्या दिवशी मोजलं होतं. साडेअडतीस होतं. पत्रकात चाळीस लिहिलेलं. म्हटलं, यांना टेपनं घ्यायला लावलं की झालं."

वर पाखरं तुतीवर तुटून पडली होती. बायको इतकी वर्षं शेजारी बसून आपलंच माप घेत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे त्यांना आत्ता उमगत होतं. त्यांना राग यायला हवा होता. तो आला नाही, उलट पोटातून हसू येत होतं, ते त्यांनी दाबून ठेवलं.

"आणि समज," ते म्हणाले, "मी त्या दिवशी दोनाऐवजी एकच इंच धरला असता तर?"

बायकोनं दोरा दातानं तोडला. "एक इंच धरणारा माणूस समोर राहतो," ती म्हणाली. "त्याच्याशी लग्न झालं असतं तर झाड गेलंच असतं."

तेवढ्यात एक पिकलेली तुती टपकन मास्तरांच्या पांढऱ्या बाहीवर पडली. त्यांनी डागाकडे पाहिलं, ती तुती उचलली आणि तोंडात टाकली. गोड होती.